वीस रुपयांची पट्टी

खोक्यात एक पट्टी असायला हवी होती आणि नव्हती. विनीतनं खोकं उलटं केलं, आत बोट घालून फिरवलं, मग पुठ्ठा उलगडून सपाट केला, जणू पट्टी पुठ्ठ्याच्या घडीतच शिरून बसली असेल. आई कुशीवर वळून, पाठ उघडी टाकून वाट बघत होती. रविवारची सकाळ, ठाकुर्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, आत कुकरची शिट्टी, खाली कुणीतरी सुरू न होणाऱ्या स्कूटरला किक मारत होतं, आणि समोर आईची पाठ. डाव्या खांद्याखाली जुनी पट्टी, अंगठ्याएवढी, पारदर्शक, कडा मळलेल्या. तिची मुदत संपलेली. "लाव की रं," आई म्हणाली, "पाठ गार पडली." लावतो, असं म्हणून त्यानं जुन्या पट्टीवरच तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. हाताखाली आई श्वास घेत होती. पट्टीत आता काही उरलंय का, ते हाताला कळत नव्हतं.

मग आईला ऐकू जाऊ नये म्हणून दारात जाऊन त्यानं हळूच विचारलं, "रुचिता, खोकं कुणी उघडलेलं?"

"मी कशाला हात लावू?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज. "तूच तर म्हणालेलास, हात लावू नका कुणी."

म्हणालेला. आणि खोकंही त्यानं बदललेलं होतं. पट्ट्या मूळ ज्या खोक्यात येत ते तो दुकानाबाहेरच फाडून टाकी आणि आतली बंद पाकिटं कंबरदुखीच्या साध्या पट्ट्यांच्या जुन्या खोक्यात भरून घरी आणी. त्या खोक्यावर एक हसणारा माणूस कंबरेवर हात ठेवून उभा होता. आईला मणक्याची झीज आहे, असं आईला सांगितलेलं होतं. आईला खरं काय आहे, ते विनीतला माहीत होतं, रुचिताला माहीत होतं, आणि रिपोर्टांच्या मोठ्या पाकिटाला. ते पाकीट कोलशेतला होतं, विनीतच्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात. कोलशेतच्या त्या गोदामात बाहेरून आलेल्या मालावर किमतीची लेबलं चिकटवून घेणं हे त्याचं काम. लेबल चिकटेपर्यंत वस्तूला किंमत नसते. चिकटलं की ती आतूनच आल्यासारखी दिसते. सवयीनं त्याला कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करावीशी वाटे. ही पट्टी पहिल्यांदा हातात आली तेव्हाही त्यानं ती उलटी केलेली, आणि मग बराच वेळ औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलेला, पुढच्या गिऱ्हाईकाची वाट अडवून.

आणि त्याच दिवशी घरी आल्यावर आईनं विचारलेलं, "कितीला पडली रं?"

रंगूबाई हे विचारायचीच. चपला आणल्या, कितीला. नातीला, सान्वीला, फ्रॉक आणला, कितीला. आयुष्यभर डोंबिवलीत लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिनं संसार ओढला. साताऱ्याकडच्या गावातून आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं, पण भाव येत होते. कुठलीही वस्तू घरात आली की तिचा भाव ऐकल्याशिवाय तिला ती घरातली वाटायची नाही. आणि भाव जास्त असला की ती वस्तू मेलीच. महागाची साडी कपाटात पडून कसर लागून गेली. महागाचं चादरींचं पाकीट उघडलं गेलं नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकानं, आईला न दुखावता तिला काही वापरायला लावायचं तर काय करायचं, ते केव्हाच शिकून घेतलेलं. निम्मा सांगायचा. पाव सांगायचा. सेल होता, ओळखीचा होता, शेवटचाच पीस होता. दुकानात घासाघीस करायची ती दुकानदाराशी, आणि घरी येऊन पुन्हा एकदा, उलटी, आईशी. तेव्हा ती कितीला म्हणाली आणि विनीतच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "वीस रुपये." आई खूष झाली. वीस रुपयांत तीन दिवस दुखत नाही म्हणजे स्वस्तच की. आणि खरंच, पहिल्या रात्री ती झोपली. कितीतरी दिवसांनी घरात कण्हणं ऐकू आलं नाही, आणि ती शांतता इतकी नवी होती की विनीत आणि रुचिता दोघंही जागे राहिले.

आता खोकं रिकामं. दुकानदारानं चारच दिल्या असतील. हा विचार आला तसा त्याला बरं वाटलं, कारण यात कुणीतरी दोषी होतं आणि ते कुणीतरी घराबाहेर होतं. "आई, नवीन आणतो. अर्ध्या तासात." "हळू जा. एवढं काय न्हाई," आई म्हणाली. "सकाळधरनं रुपयात चारच आणे दुखतंय." डॉक्टर विचारत, आजी, दहापैकी किती दुखतं, आणि ती आण्यांत सांगे, विनीत मध्ये बसून आण्यांचे आकडे करून देई, आणि डॉक्टर त्या आकड्यावरून पट्टी केवढी द्यायची ते ठरवत. रंगूबाईचं तोंड हेच एकमेव यंत्र होतं. फोटोत गाठी दिसत, रक्तात कायकाय दिसे, पण दुखणं कशातच दिसत नसे. ते तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

औषधाचं दुकान पुलाच्या अलीकडे. पंढरी काउंटरवर होता, चष्मा कपाळावर, एका हातानं बिल, दुसऱ्या हातानं गोळ्यांच्या पाकिटातून कात्रीनं दोन गोळ्या कापत.

"पंढरी, मागच्या खोक्यात चारच होत्या."

"सीलबंद खोकं होतं साहेब. तुम्हीच फोडलेलं, इथंच, पायरीवर." पंढरीनं वर बघितलं नाही. "मोजून पाच."

"मग एक गेली कुठे?"

"ते मी कसं सांगू? आणि नवीन हवी असेल तर माझ्याकडे आज नाहीये. कल्याणच्या स्टॉकिस्टकडून येते, रविवारी तो बंद."

"एक सुटी पण नाही?"

"सुटी ठेवायलाच देत नाहीत हो. ही काय तापाची गोळी आहे? कुलपात ठेवा, वहीत चढवा, चिठ्ठीची कॉपी ठेवा, इन्स्पेक्टर आला की दाखवा. महिन्यात गिऱ्हाईक एक, तुम्ही. विकली नाही तर तारीख उलटते आणि खड्डा माझ्या खिशाला. म्हणून मी खोकंच मागवतो आणि पूर्ण एमआरपी लावतो. डिस्काउंट नाही. राग मानू नका."

विनीत राग मानायच्या पलीकडे होता. त्याच्या मनात पुन्हा तोच प्रश्न उठला, गेले दोन महिने कुठल्याही काउंटरवर उठायचा तसा, खाज उठावी तसा: एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्याला एवढे पैसे का? त्यानं डोंबिवली पूर्वेला विचारून बघितलेलं, पश्चिमेला विचारलेलं, ठाण्याला ऑफिसातून सुटून तीन दुकानं पालथी घातलेली. कुठे नव्हतीच. कुठे होती, पण दुसऱ्या कंपनीची, निम्म्या भावाला, आणि दुकानदार म्हणाला, चिठ्ठीत डॉक्टरांनी जे नाव लिहिलंय तेच देणार, या औषधात मी बदल करणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, आजींना ही लागू पडलीय ना, मग आता कशाला हलवायचं. सरकारी स्वस्त दुकानात गेला, तिथल्या मुलीनं यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्याच्या डोक्यात ती पट्टी थरांनी बनलेली दिसे, कांद्यासारखी. एका थरात कंपनीचं नाव, एका थरात डॉक्टरांचं अक्षर, एकात कुलूप, एकात कर, एकात तो खपत नसलेल्या मालाचा खड्डा, आणि सगळे थर सोलून काढले तर आत खसखशीएवढं औषध. त्याचे किती? "त्याचे काहीच नाही हो," पंढरी एकदा बोलून गेलेला, "चण्या-फुटाण्याच्या भावात पडत असेल. पण ज्याला घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, त्याच्याशी घासाघीस कोण करतं?"

"ओ दादा," मागून एक बाई म्हणाल्या, हातात दुधाची पिशवी, "तुमचं प्रवचन चालू दे, मला आधी गॅसच्या गोळीचं पाकीट द्या. घरी पाहुणे जेवायला यायचेत आणि मीच फुगून बसलेय."

पंढरी हसला, पाकीट दिलं. विनीतही हसला. हसताना त्याला आईची उघडी पाठ दिसली.

"तुम्हाला मी मागेच बोललेलो," पंढरी आवाज खाली आणून म्हणाला, "मॉर्फिनची गोळी घ्या. दोन-चार रुपयांना एक. याच कामाची."

"तुझ्याकडे आहे?"

"माझ्याकडे कशी असेल? दोन रुपयांच्या गोळीत मला काय सुटणार, आणि परवाना वेगळा. ती ठाण्याच्या त्या सेंटरलाच मिळते, असल्या पेशंटांच्या."

ते सेंटर विनीतनं बघितलेलं. ठाण्याला, एकटाच गेलेला. चांगली माणसं होती. पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पेशंटला एकदा घेऊन या, नाव नोंदवू, मग तुम्ही एकटे आलात तरी गोळ्या मिळतील. एकदाच. एकदाच आणायचं होतं तिला. पण दारावर निळी पाटी होती आणि पाटीवर, सुरेख मोठ्या मराठी अक्षरांत, त्या रोगाचं नाव होतं. रंगूबाई पन्नाशीला आल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली होती, आणि तेव्हापासून रिक्षात बसली की रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची. श्री गणेश ज्वेलर्स. येथे पाव मिळेल. डॉक्टर अमुक, दातांचे. न थांबता, सान्वीच्या आधी, सान्वीशी पैज लावून. ती पाटी ती वाचणार होती. मोठ्यानं. रस्त्यात उभी राहून. विनीत सेंटरच्या पायरीवरून परत फिरला आणि त्या दिवशीही पट्टीच घेऊन घरी गेला. त्या कांद्यात आणखी एक थर होता, सगळ्यांत जाड, आणि तो पंढरीनं लावलेला नव्हता.

"घरात लहान मूल आहे ना तुमच्या?" पंढरी म्हणाला. त्याची कात्री थांबली होती.

"सान्वी. का?"

"एक पट्टी सापडत नाही म्हणताय, म्हणून. जपा हं. तुमच्या मम्मीच्या अंगाला सवय झालीय तिची. कोऱ्या अंगाला लागली ना, तर माणूस झोपतो आणि झोपेत श्वास घ्यायचाच विसरतो. बाहेरच्या देशात झालेत असे प्रकार, मुलांनी स्टिकर समजून—"

स्टिकर. सान्वी स्टिकर लावते कपाळाला बाहुलीला फ्रीजला आजीच्या हातावर सान्वी काल दुपारी झोपली आणि उठतच नव्हती रुचिता म्हणाली खेळून दमलीय सान्वीनं आज सकाळी दूध प्यायलं का सान्वी उठली होती का मी निघालो तेव्हा पांघरूण होतं तोंडावर पांघरूण होतं मी बघितलंच नाही मी खोकं बघत होतो

त्यानं घरी फोन लावला, स्पीकरवरच. "रुचिता, सान्वीचा फ्रॉक काढ."

"काय?"

"काढ आधी! पाठ बघ, पोट बघ, केसांखाली मान बघ. पट्टी चिकटलीय का बघ!"

फोनमध्ये सान्वीचं ओरडणं आलं, मम्मी सोड ना, आणि ते ओरडणं इतकं खणखणीत होतं की विनीत काउंटरला टेकला. "काही नाही रे, साफ आहे अंग," रुचिता म्हणाली. "घाबरवलंस तिला. झालंय काय?" आणि तिच्या मागून, पलंगावरून, आईचा आवाज, लांबून, निवांत: "पोरीला कशाला उघडी करताय? ती पट्टी व्हय? ती मी मास्तरांना दिली की."

मास्तर म्हणजे हरिहर मास्तर, खालच्या मजल्यावरचे. गणित शिकवायचे, आता एकटेच असतात. रोज संध्याकाळी वर येऊन रंगूबाईला पेपर वाचून दाखवतात, ती स्वतः वाचू शकते तरी, आणि ती ऐकून घेते, स्वतः वाचू शकते तरी.

"काल सांजच्याला," आई रुचिताला सांगत होती आणि विनीत फोनमधून ऐकत होता. "गुडघा धरून बसलं हुतं बिचारं. म्हनलं, वीस रुपयाची तर हाय, विन्या आनंल की दुसरी, लावा. नको नको म्हनत हुतं, मीच फोडली आन् लावली. पाकीट कचऱ्यात टाकलं."

"मास्तर आज खाली दिसले?" विनीतनं विचारलं. रुचिताला कळलं होतं. फोन तिच्या हातातच होता आणि आता फोनमध्ये फक्त जिन्यावरच्या चपला वाजत होत्या, मग बेल, बेल, पुन्हा बेल, दारावर थापा, मास्तर, ओ मास्तर, मग चपला परत वर, किल्ली घ्यायला, मास्तरांची जादा किल्ली विनीतच्याच घरी खिळ्याला असते, परत खाली. दुकानात गॅसच्या गोळीवाल्या बाई अजून सुट्या पैशांसाठी उभ्या होत्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत.

"खुर्चीत आहेत," रुचिता म्हणाली. "घोरतायत. पण कसंतरीच घोरतायत, मध्येच थांबतायत. ओठ काळे दिसतात रे विनीत."

"गुडघा बघ."

"गरम पाण्याची पिशवी ठेवलीय. कोमट आहे अजून."

"तिच्याखाली बघ."

"आहे."

"काढ. कडेनं धर, चिकट बाजूला बोट लावू नकोस. काढून टाक आणि हात धू. आणि हलव त्यांना. झोपू देऊ नकोस."

पंढरी तोवर दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होता. सांगून झाल्यावर तो ओरडला, "बोलायला लावा म्हणावं त्यांना! श्वास घ्या, श्वास घ्या म्हणत राहा! शेकानं जास्त ओढलं असेल अंगानं!" विनीतनं स्कूटर सुरू केली तेव्हा फोन खिशात तसाच चालू होता, आणि सबंध रस्ताभर त्याच्या छातीशी रुचिताचा बारीक आवाज म्हणत होता, मास्तर, श्वास घ्या. मास्तर, सात चोक किती? सांगा ना. सात चोक किती?

कल्याणच्या हॉस्पिटलात मास्तरांना इंजेक्शन दिलं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचले. आणखी दोन तास गेले असते तर नाही सांगता आलं असतं. ही पट्टी यांना कुणी दिली?" विनीत म्हणाला, "मी." त्याला ते खोटं वाटलं नाही. आईनं दिलेली पट्टी वीस रुपयांची होती, शेजाऱ्याला सहज द्यावी अशी, लिंबासारखी, कोथिंबिरीसारखी. तशी पट्टी कुठल्याच कंपनीनं बनवलेली नव्हती. ती त्यानं बनवलेली होती, एका वाक्यात, दारात चपला काढता काढता. गोदामात एखाद्या मालाला चुकीचं लेबल लागलं तर तो सगळा माल परत मागवतात, गाडीच्या गाडी. इथं काय परत मागवायचं? दोन महिने? त्या दोन महिन्यांत आई त्याला रोज म्हणाली, तुझी पट्टी लई गुणाची, आणि तो रोज हसला.

दुपार कलल्यावर मास्तरांनी डोळे नीट उघडले. विनीतला बघून त्यांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली. "विनीत, तुझ्या आईला सांग," ते शब्द शोधत, नेहमीच्या शुद्ध भाषेत म्हणाले, "गुडघा अजिबात दुखत नाहीये. गुडघाच काय, गुडघ्याचा मालकही दुखत नव्हता." मग त्यांनी नळी पुन्हा नाकावर बसवली. "नाव काय म्हणालास त्या औषधाचं?" विनीतनं सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी त्यांनी हात पुढे केला आणि विनीतचं मनगट धरलं. पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं विनीतला वाटलं. आता आणखी एका माणसाला आईसमोर बसून पेपर वाचताना चेहरा सांभाळावा लागणार होता.

आणि तेव्हा, मास्तरांचा हात मनगटावर असताना, त्याला आठवलं की आईच्या पाठीवर सकाळपासून मेलेली पट्टी आहे.

तो धावलाच. हॉस्पिटलच्या खालच्या दुकानात ती मिळाली, चिठ्ठीतल्याच नावाची. दुकानदारानं किंमत सांगायला तोंड उघडलं आणि विनीतनं न ऐकता कार्ड पुढे केलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं किती ते विचारलं नाही. खोकं उलटंही केलं नाही. हसणाऱ्या माणसाच्या खोक्यात पट्ट्या भरायला ते खोकंही नव्हतं. स्कूटरवर, पत्री पुलाच्या चढावर, ऊन तिरपं डोळ्यात येत असताना त्याला सारखं वाटत होतं की आई आता सोळा आणे म्हणेल. म्हणू दे. सोळा आणे म्हटलं की डॉक्टरांना फोन करता येईल, पट्टी मोठी करता येईल, काहीतरी करता येईल.

आई पलंगावर बसून होती. भिंतीला न टेकता, ताठ. पाय खाली सोडलेले. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. रुचिता म्हणाली, "जेवल्या नाहीत. आडव्या पण होत नाहीयेत." सान्वी आजीच्या पायाशी बसून चित्र रंगवत होती.

"मास्तर?"

"बरे आहेत. उद्या सोडतील."

"माझ्या पट्टीनं झालं?"

"त्यांनी वरून शेक घेतला, म्हणून. नाहीतर काही झालं नसतं."

"विन्या," रंगूबाई म्हणाली, "वीस रुपयाच्या पट्टीनं मानूस आडवा पडत न्हाई."

विनीत पाकीट हातात घेऊन उभा. रुचितानं सान्वीला उचललं आणि आत नेलं.

"कितीला पडती?"

पन्नास म्हणता आलं असतं. शंभर म्हणता आलं असतं, शंभरला तिनं जीव काढला असता पण वापरली असती. त्याच्या तोंडात शंभर आलेलं होतं. पण आईचे डोळे त्याच्या तोंडावर नव्हते, हातावर होते, हातातल्या पाकिटावर, जे आज पहिल्यांदाच आपल्या खऱ्या खोक्यातून घरात आलं होतं. आणि त्याच्या लक्षात आलं की शंभर म्हटलं तर उद्या ती आणखी कुणाला तरी देऊन टाकेल. शंभरची वस्तू देता येते. ज्या किमतीला ती सुरक्षित होती, ती एकच किंमत होती.

"नऊशे."

"खोक्याला?"

"एकीला."

रंगूबाईचे ओठ हलले. कितीतरी वर्षं तिनं पोळ्यांचे हिशोब तोंडातल्या तोंडात केलेले, तसेच हलले आणि मध्येच थांबले, हिशोब पुरा न करता. मग तिनं विचारलं, अगदी साधं, भाजीवाल्याला विचारावं तसं: "एवढ्यात मानूस बरा हुतो का पर?"

बाहेर कुणाच्या तरी घरी टीव्ही लागला. विनीतला बोलायला हवं होतं. हो म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी एक क्षण होता, तो गेला. मग दुसरा होता, तोही गेला.

"बरं," रंगूबाई म्हणाली.

ती उठली. पलंगाची कड धरून, मग सोडून. खिडकीपाशी दोरीवरचे कपडे वाळले होते ते तिनं ओढून काढले आणि उभ्या उभ्या घड्या घालायला लागली, सान्वीचे मोजे, विनीतचा बनियन, टॉवेल. "आज दुखत न्हाई," ती म्हणाली. "सकाळपासनं पट्टीबिगर हाय, काय झालं? काय न्हाई. उगाच लावायची म्हनून लावत हुतो." टॉवेलची घडी चुकली. तिनं पुन्हा घातली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता, केसांच्या मुळाशी घाम होता, आणि टॉवेल धरलेली बोटं पांढरी पडली होती. "आई, खरं सांग." "सांगितलं की. दुखत न्हाई." हीच ती, जिच्या एका शब्दावर सगळं चालत होतं, डॉक्टरांची चिठ्ठी, पट्टीचा आकार, रात्रीची झोप. आता तो शब्द गेला. उद्याही ती हेच म्हणणार, परवाही, डॉक्टरांसमोर बसून हसून म्हणणार, आणि आत काय चाललंय ते कुठल्याच फोटोत दिसणार नाही. नऊशे म्हणून त्यानं तिला गप्प करून टाकलं होतं. वीस म्हणून मास्तर जवळजवळ मारले होते. तिसरा आकडा नव्हता.

"लावून घे. पाया पडतो तुझ्या."

"न्हाई म्हनते ना. दुकानात परत दे. घेतील. फोडलेली न्हाई अजून."

फोडलेली नाही. विनीतनं पाकिटाकडे बघितलं, आणि ते टोकाला धरून फाडलं. कडकडीत, मोठा आवाज झाला. रंगूबाई गर्रकन वळली.

"फोडलंस?"

"फोडलं."

"आता परत न्हाई घ्यायचं त्यो?"

"नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी असं होतं की त्यानं मान खाली घातली. मग टॉवेल खिडकीत ठेवून, भिंतीला धरत ती पलंगाशी आली, बसली, कुशीवर वळली. पदर बाजूला केला. ब्लाउजचा हूक तिला काढता येईना, तो त्यानं काढला. जुनी पट्टी सोलली, दुमडली. "लाव मग," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "वाया नको जायला."

त्यानं नवी लावली आणि वर तळहात दाबला. चिकटेपर्यंत दाबून धरायचं असतं. "घट्ट दाब," आई म्हणाली, "निघाली तर फुकट जाईल." त्यानं दाबलं. आणखी दाबलं. हाताखाली बरगडी लागली, बरगडीखाली काहीतरी टणक, आणि त्या दाबानं, दिवसभर आवळून धरलेल्या दातांमधून, आईच्या तोंडून निघालं, "आई गं."

ते ऐकून त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून त्याला हात काढता येईना.